लोबो मास्तरांची गिटार

जुन्या निजामी राजधानीत, काचीगुड्याच्या कला मंडळात गिटारचा वर्ग सुरू झाला तेव्हा पहिलं नाव प्रमिलाने दिलं. १९५० सालचा जानेवारी महिना होता. ती बावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. आयुष्यात एकही वाद्य तिने हातात धरलेलं नव्हतं. वडील मुकुंदराव वकील होते आणि मंडळाच्या कार्यकारिणीवरही होते, त्यामुळे घरून परवानगी मिळायला अडचण आली नाही. आई, सावित्रीबाई, एवढंच म्हणाल्या, "पेटी शिकली असतीस तर निदान भजनाला उपयोग झाला असता."

शिकवायला होते लोबो मास्तर. मूळचे गोव्याचे, पन्नाशीचे, शिडशिडीत. एका जागीरदार नवाबाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, इंग्रजी बँड होता, त्यात सोळा वर्षं त्यांनी गिटार वाजवली होती. अठ्ठेचाळीसला पोलीस ॲक्शन झालं, भारताची फौज येऊन निजामी राज्य संपलं, पुढच्या वर्षी जागिरी गेल्या, नवाबसाहेब कराचीला निघून गेले आणि बँड मोडला. बाकीचे वाजवणारे मुंबईला पांगले. लोबो मास्तर चादरघाटला एका खोलीत राहिले, कारण त्यांच्या बायकोला याच शहरात पुरलं होतं आणि दर रविवारी तिथे जायची त्यांना सवय होती.

वर्गात दहा शिकणारे आणि गिटार एकच, मास्तरांची स्वतःची. रोज चादरघाटाहून नेआण नको म्हणून ती मंडळाच्याच खोलीत खुंटीला टांगलेली असे.

पहिल्या दिवशी प्रमिलाने विचारलं, "मास्तर, नखी नाही का?"

मास्तर जिला पिक म्हणत तिला मंडळात सगळे सतारीच्या सवयीने नखी म्हणत. कचकड्याची तिकोनी चकती, अंगठा आणि तर्जनीत धरून तार छेडायची.

"आहे ना," मास्तर म्हणाले आणि खिशातून काढून दाखवली. मग परत खिशात टाकली. "पण आत्ता नक्को. पहिलं बोट. तार किती ताणलीय, कुठे दुखतं, कुठे सोडते, हे बोटाला समजलं पाहिजे. नंतर नखी घे, चमचा घे, काय पण घे."

जाड तीन तारा अंगठ्याच्या, बारीक तीन तारा पुढच्या तीन बोटांच्या, एकेका बोटाला एक तार. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. अंगठा निघाला की अनामिका त्याच्यामागे ओढली जाई. तिसऱ्या आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, ते फुटले, तिथे कातडं जाड झालं. शाळेत खडू धरताना तिला ते जाणवायचं आणि बरं वाटायचं. उजव्या हाताची नखं तिने थोडी वाढवली तेव्हा मात्र घरात खटका उडाला.

"पिठात नखं बुडवायची नाहीत," सावित्रीबाई म्हणाल्या. "भाकरी थापायची तर कापून ये."

"मग भाकरी नानांना थापू दे," प्रमिला म्हणाली. मुकुंदराव वर्तमानपत्राआड हसले. त्या दिवसापासून ती डाव्या हाताने पीठ मळायला लागली आणि थापायचं आईकडे गेलं.

जूनपर्यंत तिचा हात बसला. एक साधी चाल होती, मास्तरांनीच बांधलेली. अंगठा खाली संथ चालतो आणि वर तीन बोटं पाण्यात खडे टाकावेत तशी पडतात. ती चाल पहिल्यांदा न अडखळता पुरी झाली तेव्हा मास्तर उठले. खिडकी उघडली आणि म्हणाले, "परत वाजव. रस्त्यावरच्यांना पण ऐकू दे."

पण रस्त्यावरच्यांना ते ऐकू जात नव्हतंच, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

मंडळाचे अध्यक्ष हिम्मतराव. बेगम बाजारात त्यांचा हळद-मिरचीचा घाऊक व्यापार होता. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरपर्यंत त्यांच्या डोक्यावर लाल रूमी टोपी असे, दुकानाची पाटी उर्दूत असे आणि अर्धा माल देवड्यांच्या मुदपाकखान्यात जाई. फौज शहरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी टोपी पांढरी, खादीची झाली. यात त्यांनी एकट्यानेच काही वेगळं केलं असं नाही. पण इतर लोक गप्प राहिले आणि हिम्मतराव मात्र भाषणं करायला लागले. आता ते पाच संस्थांचे अध्यक्ष होते.

यंदाच्या सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, मंडळातर्फे चौकात मोठा कार्यक्रम करायचं त्यांनी ठरवलं. गिटारचा वर्ग बघायला ते एकदा येऊन बसले. प्रमिलाने वाजवलं. हिम्मतरावांनी कानामागे हात धरला.

"मास्तर, हे तिसऱ्या रांगेत पोचायचं नाही. आपल्याला हजार माणूस येणार. नखीने वाजवा. दणक्यात."

"या तारा आतड्याच्या आहेत साहेब. हिला बोटच पाहिजे," मास्तर म्हणाले. "हजार माणसाला ऐकू घालायचं तर बिगुल घ्या. गिटार कशाला?"

मुलं हसली. हिम्मतराव हसले नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रमिला वर्गाला गेली तर मास्तरांच्या खुर्चीत दिगंबर बसला होता. हिम्मतरावांच्या मेहुण्याचा मुलगा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, मुंबईत दोन वर्षं राहून आलेला. स्वभावाने वाईट नव्हता. हाताला चपळ होता आणि नखीने खरंच झपाझप वाजवत असे.

"मास्तर कुठे आहेत?" प्रमिलाने विचारलं.

"त्यांना मोकळं केलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" दिगंबर जरा ओशाळला. "बघा ना, आता आवाज केवढा येतो ते!"

गिटारच्या आतड्याच्या तारा काढून त्याने पोलादी तारा चढवल्या होत्या. त्याने नखी फिरवली. खोली दणाणली हे खरं. पण ज्या लाकडी पट्टीला तारा खाली बांधलेल्या असतात, ती पोलादाच्या जादा ताणाने मागच्या बाजूने लाकडापासून केसभर उचलली गेलेली प्रमिलाला दिसली. भोकाशेजारी, जिथे नखी घसरत होती, तिथे गुळगुळीत लाकडावर पांढरे ओरखडे उठले होते.

"हे मास्तरांना दाखवलंत?"

"आता मंडळाचीच आहे ना ती," दिगंबर म्हणाला. "काका म्हणाले तसं."

प्रमिला तशीच उठून चादरघाटला गेली. मास्तर खोलीत होते. त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ते गिटार आणायला गेले होते. हिम्मतरावांनी दिली नाही. गिटार नवाबाच्या बँडची, नवाब पाकिस्तानात पळाला, त्याची मालमत्ता सरकारजमा व्हायची, त्यापेक्षा मंडळात राहिली तर लोकांच्या उपयोगी पडेल, असं त्यांचं म्हणणं.

"पण ती तुमची आहे."

मास्तरांनी ट्रंक उघडली. कपड्यांच्या तळाशी एक जाड कागद होता. नवाबसाहेबांच्या हातचा, खाली मोहर. उर्दूत, घाईच्या मोडक्या वळणात, ज्याला शिकस्ता म्हणतात त्या अक्षरात लिहिलेला. प्रमिलाचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं होतं. या शहरात त्या काळी दुसरी सोय फारशी नव्हती. तिने तिथेच वाचला. मास्टर लोबो यांनी सोळा वर्षं इमानाने चाकरी केली, त्यांची गिटार त्यांनी स्वतः गोव्याहून आणलेली असून ती त्यांची खाजगी मिल्कियत आहे, देवडीचा तिच्यावर कसलाही हक्क नाही.

"हा कागद घेऊन रविवारी मीटिंगला या," प्रमिला म्हणाली. "सगळे उर्दू वाचणारे आहेत. दोन मिनिटांत निकाल लागेल."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना तेवढी खात्री वाटत नव्हती, पण ते येतो म्हणाले.

रविवारी दुपारी कार्यकारिणी बसली. प्रमिलाचं अक्षर चांगलं म्हणून बैठकीची वही लिहायला तिला बसवत असत, त्यामुळे ती तिथे होती. चिटणीस एकनाथराव होते. तीस वर्षं मालगुजारीच्या, म्हणजे महसुलाच्या, कचेरीत उर्दू फायली लिहून निवृत्त झालेले. मुकुंदराव होते. आणखी चार जण होते, दोन शाळामास्तर, एक डॉक्टर, एक कंत्राटदार. लोबो मास्तर दाराशी उभे होते. बसा असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

मास्तरांनी कागद हिम्मतरावांपुढे ठेवला. हिम्मतरावांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय लिहिलंय?"

"नवाबसाहेबांनी लिहून दिलंय साहेब. गिटार माझी आहे म्हणून."

"मला काही अक्षर लागत नाही बुवा हे." त्यांनी कागद एकनाथरावांकडे सरकवला. "तुम्ही बघा."

एकनाथरावांनी चष्मा लावला. प्रमिला त्यांच्याकडे बघत होती. त्यांचे डोळे पहिल्या ओळीवरून उजवीकडून डावीकडे गेले, दुसऱ्या ओळीवरून गेले, मोहरेपाशी थांबले. मग त्यांनी चष्मा काढला.

"शिकस्ता आहे. लागत नाही."

कागद पुढे गेला. डॉक्टरांना लागला नाही. दोघा शाळामास्तरांना लागला नाही. कंत्राटदाराने तर हातही लावला नाही, नुसती मान हलवली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही सगळी माणसं वाण्याची यादीसुद्धा उर्दूत लिहीत होती. कागद मुकुंदरावांपुढे आला. वीस वर्षं दिवाणी अदालतीत त्यांनी असले शेकडो कागद न्यायाधीशांपुढे खडाखडा वाचले होते. शिकस्ता वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. दुसरे वकील त्यांच्याकडे कागद घेऊन येत.

प्रमिलाने लेखणी खाली ठेवली आणि वडिलांकडे बघितलं.

मुकुंदरावांनी कागद हातात धरला, मोहरेपर्यंत नजर नेली. मग घडी घालून टेबलावर ठेवला. "हा विषय इथे काढायचा नव्हे," ते हळूच म्हणाले. "योग्य त्या ठिकाणी जावं."

"झालं तर मग," हिम्मतराव म्हणाले. "लिही गं प्रमिला. सादर केलेला कागद वाचता येण्याजोगा नाही, सबब विचार करता येत नाही."

"मला वाचता येतो," प्रमिला म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत तिने कागद उचलला आणि उभी राहून वाचला. पहिल्या शब्दापासून मोहरेच्या तारखेपर्यंत. शब्द एकही चुकला नाही. वाचून झाल्यावर तिने मराठीतून अर्थ सांगितला. सगळे छताकडे, टेबलाकडे, खिडकीकडे बघत होते.

"तुला वही लिहायला बसवलंय," हिम्मतराव म्हणाले. "वकिली करायला नाही. मुकुंदराव, तुमच्या मुलीला समजवा. कुणाची भाषा एवढी तोंडपाठ आहे हे चारचौघांत दाखवायचे दिवस आहेत का हे?"

"तुमचीच भाषा आहे ती काका! तुमच्या दुकानाची पाटी वाचूनच मी अक्षरं जुळवायला शिकले!"

"प्रमिला, बस खाली," मुकुंदराव म्हणाले.

ती बसली नाही. वही मिटून तिने एकनाथरावांपुढे ठेवली. "खोटं मी लिहिणार नाही. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

ती बाहेर आली तेव्हा लोबो मास्तर पायऱ्या उतरत होते. कागद परत घ्यायलाही ते थांबले नव्हते. तो प्रमिलाच्याच हातात होता.

घरी आल्यावर मुकुंदराव कोट खुंटीला लावत म्हणाले, "तुला कळत नाही. आज उर्दूचा कागद घेऊन उभा राहिलो की लोक विचारतात, हा कुणाचा माणूस?"

"तुम्ही उर्दूचे नव्हता उभे राहणार. लोबो मास्तरांचे राहणार होता."

"सरकारी वकिलांची यादी व्हायचीय. हिम्मतरावांनी शब्द टाकलाय."

म्हणजे हे होतं तर. हिम्मतरावांचा राग तिला आला होता, एकनाथरावांचाही आला होता, पण त्या रागाला एक तळ होता. ही माणसं अशीच, असं म्हणून तो कुठेतरी थांबत होता. हा राग थांबेना. लहानपणी याच माणसाने मांडीवर बसवून तिला जुने कागद वाचायला शिकवलं होतं, एकेका मोडक्या अक्षरावर बोट ठेवून.

सावित्रीबाई भाजी चिरत होत्या. त्यांना उर्दू येत नव्हतं, लिहायला मराठीसुद्धा जेमतेम. त्या मान वर न करता म्हणाल्या, "येतं ते येतं म्हणायला काय लागतं हो?"

मुकुंदराव जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी प्रमिला मंडळात गेली. दिगंबर दोन मुलींना शिकवत होता. गिटार त्याच्या मांडीवर होती. लाकडी पट्टी आता आणखी उचलली होती, खाली पोस्टकार्ड सरकवता आलं असतं.

"द्या ती," प्रमिला म्हणाली.

"अहो, पण..."

"पट्टी निघायला आलीय. दिसत नाही तुम्हाला? वाजवणारे आहात ना?"

दिगंबरने खाली पाहिलं. त्याला ते दिसत होतं, बरेच दिवस दिसत असावं. त्याने गिटार तिच्या हातात दिली. "मी थांबवलं नाही असं काकांना सांगू नका," एवढंच तो म्हणाला. त्याचाही तिला रागच आला.

भरल्या रस्त्याने, शाळेत जाणाऱ्या स्वतःच्याच विद्यार्थिनींच्या देखत, तिने गिटार खांद्याशी धरून चादरघाटपर्यंत नेली. वाटेत तिने कुणाकडे पाहिलं नाही.

लोबो मास्तर घाबरले. "कित्याक गो केलें हें?" हे का केलंस, हे त्यांच्या तोंडून कोकणीतच निघालं. मग ते सावरले. आधी त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि एकेक खुंटी पिळून पोलादी तारा सैल केल्या. ताण गेला तशी पट्टी थोडी खाली बसली. ओरखड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता.

"नखीचा दोष नाही," ते म्हणाले. "नखी वाईट नसते. ज्या गिटारला जे चालत नाही ते तिच्यावर करायचं आणि वर म्हणायचं, बघा किती आवाज येतो..."

"आता ती तुमच्याकडेच ठेवा."

"नक्को. माझ्या दारात पोलीस आला तर विचारणार नाही, सरळ आत टाकेल. नवाबाचा माणूस म्हणेल. तुमचं वकिलाचं घर आहे. तिथे निदान विचारेल."

हेही खरंच होतं, आणि खरं होतं म्हणून तिला अधिकच संताप आला. गिटार घेऊन ती घरी आली. आयुष्यात पहिल्यांदाच न कळवता शाळेत गैरहजर राहिली.

पोलीस त्याच दिवशी दुपारी आला. ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, स्वतः आले होते. जुन्या राज्यातले, पांढऱ्या मिशांचे. नव्या राज्यात आपली नोकरी किती दिवस टिकते याची त्यांना खात्री नसावी, कारण ते फार अदबीने वागत होते. मुकुंदराव नुकतेच कोर्टातून आले होते. सावित्रीबाईंनी चहा ठेवला.

"माफ करना वकीलसाब," अमीन म्हणाले. "चोरी की दरखास्त आई है. बेटी का नाम है. इस वास्ते मैं खुद आया, जवान को नहीं भेजा."

त्यांनी तक्रारअर्ज मुकुंदरावांच्या हातात दिला. मुकुंदरावांनी तो उघडला. प्रमिला त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

अर्ज उर्दूत होता. स्वच्छ, वळणदार शिकस्ता. तीस वर्षं कचेरीत घासून आलेलं एकनाथरावांचं अक्षर ती मंडळाच्या जुन्या वह्यांमधून ओळखत होती. आणि खाली सही होती हिम्मतरावांची, तीही उर्दूत, शेपटीसकट.

"काल यांना वाचता येत नव्हतं," प्रमिला म्हणाली. "नाना, काल यांच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हतं!"

तिने नवाबसाहेबांचा कागद आणून अमीनसाहेबांपुढे ठेवला. अमीनसाहेबांनी बशी खाली ठेवली, कागद हातभर लांब धरला आणि एका दमात वाचून काढला, जणू पोस्टमनने दिलेलं घरचं पत्र.

"साफ लिखा है," ते म्हणाले. "गिटार मास्टर की. इस में झगडा क्या है?"

"यात भांडण काहीच नाही," मुकुंदराव मराठीतच म्हणाले. मग ते उठले, दऊत-टाक घेऊन बसले आणि जबाब लिहायला लागले. उर्दूत लिहिला. गिटार लोबो मास्तरांच्या मालकीची आहे, माझ्या मुलीने ती मालकाच्या वतीने आणली आहे, मालकीचा कागद मी स्वतः वाचला असून तो अस्सल आहे. "मी स्वतः वाचला" हे लिहिताना त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पुढे आणखी चार शब्द घातले, "कल के इजलास में". कालच्या बैठकीत. खाली पूर्ण नाव, पूर्ण सही.

अमीनसाहेब जबाब घेऊन गेले. दोन दिवसांनी तक्रार मागे घेतल्याचं कळलं. गैरसमज झाला होता, असं हिम्मतराव म्हणाले म्हणे. सरकारी वकिलांच्या यादीत मुकुंदरावांचं नाव आलं नाही.

गिटारची पट्टी मास्तरांनी सिकंदराबादच्या एका सुताराकडून सरसाने पुन्हा बसवून घेतली आणि आतड्याच्या तारा चढवल्या. ओरखडे तसेच राहिले. ऑगस्टभर ते प्रमिलाच्या घरी येऊन तिला शिकवत होते. एके दिवशी त्यांनी खिशातून नखी काढून तिच्यापुढे धरली. सोबत कुणाकडून तरी मागून आणलेली, पोलादी तारांची एक जुनाट गिटार होती.

"आता ही घे. बोटाला समजलंय."

"मला नको ती," प्रमिला म्हणाली. "बघितली तरी डोकं फिरतं."

"राग माणसांवर धर. कचकड्यावर काय धरतेस?"

मास्तर हात पुढे करून बसले. शेवटी तिने घेतली. नखी बोटांतून फिरायची, निसटायची, तारेत अडकायची. एकदा उडून भोकातून गिटारच्या पोटात गेली आणि दोघांनी मिळून ती उलटी करून हलवली. सहा महिन्यांची मेहनत जणू झालीच नव्हती. पुन्हा पहिला धडा, पुन्हा बिगरी. ती कातावली, पण तिने सोडलं नाही.

सतरा सप्टेंबरचा कार्यक्रम झाला. दिगंबरने सिकंदराबादहून आणलेल्या गिटारवर नखीने वाजवलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असं म्हणतात. प्रमिला गेली नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यात लोबो मास्तर मुंबईला गेले. इथे आता शिकवायला कुणी बोलावत नव्हतं. मंडळाने काढलेला माणूस, ज्याच्यापायी पोलीस आले तो माणूस. काचीगुडा स्टेशनवर मनमाडची गाडी उभी होती. प्रमिला आणि सावित्रीबाई पोचवायला गेल्या होत्या. मास्तरांनी सावित्रीबाईंना सांगितलं, महिन्यातून एकदा कबरीवर कुणाकडून तरी पाणी घालायला सांगा. सावित्रीबाई म्हणाल्या, "कुणाकडून कशाला? मी जाईन." आणि त्या खरंच जात राहिल्या.

मास्तरांची गिटार त्यांच्याबरोबर गेली, प्रमिलाकडे एकही राहिली नाही. दीड वर्षाने एक रेल्वेगार्ड सामान विकून विलायतेला जात होता, त्याच्याकडून तिने एक घेतली. त्या गिटारचा आवाज काही खास नव्हता. प्रमिला बोटांनीही वाजवायची आणि नखीनेही, दोन्ही बेताचंच, पण रोज.

१९५२ साली मंडळाचा अहवाल छापून आला. त्यात लिहिलं होतं की गिटारचा वर्ग श्रीयुत दिगंबर यांनी १९५० साली सुरू केला. लोबो मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. प्रमिलाने चिटणीसांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याचंही आलं नाही. मग तिने मंडळाचं सभासदत्व घेतलं आणि वार्षिक सभेत उभी राहिली.

"अहवालातलं एक वाक्य खोटं आहे," ती म्हणाली. "वर्ग लोबो मास्तरांनी सुरू केला. मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. तशी दुरुस्ती व्हावी."

"एवढ्याशा गोष्टीसाठी..." हिम्मतराव म्हणाले.

"एवढीशीच आहे ना? मग करा."

अनुमोदन कोण देणार, असं एकनाथरावांनी विचारलं. ते तिच्याकडे न बघता कागदांकडे बघत होते. सभागृहात चाळीसेक माणसं होती. मधल्या रांगेतून मुकुंदराव उठले. "माझं अनुमोदन," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत मी होतो. कागद मला वाचता येत होता. मी वाचून दाखवला नाही."

हिम्मतरावांनी मत घेतलं. दुरुस्तीच्या बाजूने चौदा हात वर झाले, विरुद्ध एकोणीस. बाकीचे सात जण हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दुरुस्ती पडली. चौदांमध्ये एक हात दिगंबरचा होता, अर्धवट वर केलेला.

बाहेर पडताना मुकुंदराव मुलीच्या बरोबरीने चालायला लागले. तिने पाऊल मंद केलं नाही, पण भरभर चालून पुढेही गेली नाही.

"चौदा झाले," ते म्हणाले.

"ते सात जण कोण होते, मी बघून ठेवलंय," प्रमिला म्हणाली. "पुढच्या वर्षी परत मांडणार आहे."

"मसुदा मी करून देतो."

"मी करीन," ती म्हणाली. मग थोडं चालल्यावर म्हणाली, "तुम्ही वाचून बघा."

मुकुंदरावांनी मान हलवली. समोरून मालाच्या गाड्या येत होत्या, दोघं रस्त्याच्या कडेला झाली आणि त्या जाईपर्यंत थांबली.